स्पीकरवरचा शुक्रवार

वडखळच्या नाक्यावर मुरादने गाडी कडेला घेतली, उतरून डिकी उघडली आणि हरेशकडे पाहिलं. हरेशने डिकीकडे पाहिलं. त्याच्या पाठीला एक लहानशी सॅक होती, हातात छत्री होती, बाकी काही नव्हतं.

"सामान?" मुरादने विचारलं.

"हीच बॅग."

"तुझं नाय रे. अफानचं."

"त्यानं काय दिलं नाय, चाचा."

आखातातून सुट्टीवर येणारा म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा टेम्पो, हे पेणपासून रोह्यापर्यंत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आपल्या सामानात तो गाववाल्याच्या मुलाने दिलेलं कंबल आणतो, दूध पावडरीचा डबा आणतो, अत्तराची बाटली मोज्यात गुंडाळून आणतो. परत जाताना त्याच बॅगेतून लोणचं, सुका जवळा आणि तांदळाचं पीठ नेतो. हा व्यवहार कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण त्यात खाडा पडत नाही. मुराद मुकादमाने उमेदीची सगळी वर्षं मस्कत आणि सोहारमध्ये काढलेली. रिकाम्या हाताने येणारा निरोप्या तो प्रथमच पाहत होता.

त्याने डिकी आपटली. शेजारून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गणपतींचा टेम्पो पेणहून निघून अलिबागकडे हळूहळू खड्डे चुकवत चालला होता. मूर्तींना जेवढं जपतात तेवढं माणसांना या रस्त्यावर कुणी जपत नाही, असं मुराद एरवी म्हणाला असता. आज म्हणाला नाही.

"निरोप दिलाय त्यानं," गाडी नागोठण्याच्या दिशेने लागल्यावर हरेश म्हणाला.

"मग दे."

"चाचींना द्यायचाय."

"मला दिला काय नि तिला दिला काय, एकच."

"तोच बोलला, एकच नाय म्हनून."

मुरादने वायपर चालू केला. पाऊस फारसा नव्हता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

अफान त्याच्या मरहूम भावाचा मुलगा. सोहारच्या पोलाद कारखान्यात त्याला मुरादनेच आपल्या जुन्या ओळखीतून चिकटवलेलं. हा हरेश त्याच कारखान्यात. धरमतर खाडीकाठच्या गावातला, आधी डोलवीच्या कंपनीत काँट्रॅक्टवर होता. परवा मुरादच्या ओळखीच्या सुपरवायझरचा फोन आला होता, तुमचा पोरगा शिफ्टला दांड्या मारतो म्हणून. आणि गेले काही शुक्रवार तर अफान फोन उचलतच नव्हता. नुसता अंगठा पाठवायचा. मुरादने हिशेब केला होता: एक तर पोरगी, नाही तर संगत. दोन्हींवर औषध एकच, आज घरच्या सगळ्यांसमोर, स्पीकरवर त्याला खडसावायचं.

नागोठणं जवळ आलं तसा त्याने तोंडात धरून ठेवलेला प्रश्न सोडला. "खैरूनचं त्याला कोण बोललं नाय ना?"

हरेशने काच खाली केली, वर केली. "घरी जाऊन बोलू, चाचा."

खैरूनखाला म्हणजे अफानच्या आईची, अजीजाची, थोरली बहीण. अफान आणि त्याची बहीण हुमेरा, दोघंही तिच्याच मांडीवर वाढलेले. ती बकरी ईदच्या तोंडावर गेली. अफानचं कॉन्ट्रॅक्ट नवं, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. मय्यत उठायच्या आधीच मुरादने ठरवून टाकलं, त्याला कळवायचं नाय. तिकडे एकटा बसून रडेल, इकडे येऊ शकणार नाय. सुट्टीवर आला की सांगू. तेव्हापासून दर शुक्रवारी अफान खालाचं विचारायचा आणि कुणीतरी सांगायचं: खाला झोपलीय, नमाज पढतेय, बाजूला गेलीय, आंघोळीला बसलीय. मेलेल्या बाईला जिवंतपणी कुणी इतकी कामं लावली नव्हती.

●

रोह्याच्या घरात अजीजाने दिवाण रिकामा करून ठेवला होता, पार्सल उघडायला. शेजारची हौसा लसूण सोलायच्या निमित्ताने आधीच येऊन बसली होती. मुकादमांचं पार्सल उघडताना हौसा नाही असं कधी झालं नव्हतं. तिच्या मते अर्धा वास तरी तिच्या हक्काचा होता.

दोन पुरुष चपला काढून आत आले आणि हौसाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "काय गो अजीजा, मोठा माल दिसतोय. मागून टेम्पो येतोय वाटतं?"

अजीजाने कंबलाचा विचारसुद्धा केला नाही. हात रिकामे आहेत, म्हणजे तोंडात काहीतरी आहे, एवढं तिला दारातच कळलं.

"हौसा, तुझा कुकर वाजतोय."

"माझा कुकर बंद हाय."

"मग जाऊन लाव."

हौसा लसणाची सुपली घेऊन उठली, पण सालं तिथेच ठेवून गेली, म्हणजे परत यायला जागा राहते.

अजीजाने हरेशसमोर कोळंबीचं सालन ठेवलं. त्याने हात जोडले. "श्रावन हाय, चाची." मग घावणे आणि नारळाचा रस आला, आणि त्याला मात्र हरेशने नाही म्हटलं नाही.  हुमेरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मेडिकल दुकानातून अर्धी सुट्टी टाकून आलेली, ओढणीवर अजून दुकानाचं ओळखपत्र.

"मुलगी हाय काय?" शेवटी मुरादनेच सुरुवात केली. "सरळ सांग. फिलिपिनो हाय?"

"नाय चाचा."

"दारू?"

"नाय." हरेशने ताटली बाजूला ठेवली. "चाची, त्याला ठाऊक हाय. खालाचं."

अजीजाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने खाली ठेवला नाही, नुसता धरून राहिली. "कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. बाजूच्या काकूंच्या सुनेनं स्टेटस ठेवलेला ना. फोटो, फुलं, भावपूर्न श्रद्धांजली. ड्युटीवर जाताना बघितला त्यानं. त्याच आठवड्याला तुमचा फोन झाला, नि तुम्ही बोललात, खाला झोपलीय."



"मग तो दर वेळी विचारायचा कशाला?" मुराद म्हणाला. आवाज चढलेला होता, पण त्यात खडसावणं कमी आणि घाबरणं जास्त होतं.

"वाट बघायचा. आज कोनतरी सांगेल. तुम्ही सगले हसत बोलायचात, तोपन हसायचा. फोन ठेवला की जेवायचा नाय. मग झोप गेली. मग गच्चीवर जाऊन बसायला लागला." हरेश थांबला. पुढचं बोलावं की नाही, हे त्याने अजीजाच्या तोंडाकडे बघून ठरवलं. "कठड्याच्या बाहेर पाय सोडून बसला होता एकदा. आमच्या केरूनं बघितला नि जाऊन बाजूला बसला. खाली ये बिये काय बोलला नाय. बसला नुसता. पहाटे दोघं मिलूनच उतरले."

अजीजाने तांब्या खाली ठेवला.

"आता?" एवढंच तिने विचारलं.

"आता केरू त्याच्याच खोलीत झोपतो. डॉक्टरला दाखवलाय, गोल्या चालू हायत. ते आमचं काम नाय, डॉक्टरचं हाय. आमचं काम बसायचं."

●

हुमेरा दारातून हलली नव्हती. 'खाला नमाज पढतेय' हे वाक्य बहुतेक शुक्रवारी तिच्या वाट्याला यायचं, कारण घरात सगळ्यात हसरा आवाज तिचा. भाऊ त्या हसऱ्या आवाजाला काय समजत असेल, हे ती आता एकेक शुक्रवार मागे जाऊन मोजत होती आणि कुठल्याच शुक्रवारी बाकी शून्य येत नव्हती.

"बसायचं म्हणजे?" तिने विचारलं.

"आम्ही पेन, रोहा, अलिबागकडची थोडी मानसं हाव. आमच्या खोलीत एक जन होता. विचारा कधीपन, 'मस्त.' एक दिवस ड्युटीला आलाच नाय. शोधला तर विमानतलावर. तिकीट नाय, पासपोर्ट कंपनीत, बाकड्यावर बसलाय नुसता. विमानं बघत. तवापासनं सुट्टीच्या संध्याकाली चहा करतो नि बसतो. ज्याला बोलायचं तो बोलतो. दुसऱ्यानं सल्ला द्यायचा नाय."

"सल्ला नाय तर मग फायदा काय?" मुराद म्हणाला.

"मीपन तेच बोलायचो, चाचा. अफानला पहिल्यांदा बोललो, 'व्यायाम कर.' पुढं कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाय."

हुमेराला हसू आलं, आणि आल्याची शरमही वाटली.

"आमच्या कामात एक रीत हाय," हरेश तिच्याकडे वळून सांगू लागला, कारण ऐकणारं माणूस तो बरोबर ओळखत होता. "शिफ्ट सुटली म्हनून मानूस तसाच निघत नाय. पुढचा आला की त्याला चार्ज द्यायचा. म्हंजे सांगायचं, कुठची मोटर तापतेय, कुठचा व्हॉल गलतोय. तो 'घेतला' बोलला की मग जागा सोडायची. जो नुसता 'सगलं ओके' बोलून निघतो ना, त्याला आम्ही सर्वांत जास्त घाबरतो. त्याच्या ओके-पायी मागच्याचा हात जातो. आम्ही चहाला बसतो तवा तीच रीत. काय गलतंय ते सांग. समोरच्यानं दुरुस्त नाय करायचं. 'घेतला' बोलायचं."

"आमच्या टायमाला असं काय नव्हतं," मुराद म्हणाला. "आम्ही नाय काढले दिवस?"

"काढलेत," हुमेरा म्हणाली. मुकादमांच्या घरात मुरादचाचांचं वाक्य मधेच पकडायची पद्धत नव्हती, तिने पकडलं. "दादा, तुमचे अब्बा, गेले तवा तुम्हाला काय सांगायचे फोनवर?"

"हुमेरा." अजीजाने नाव घेतलं, पण अडवलं नाही.

मुराद दिवाणाच्या कडेवर बसला. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. अब्बा झोपलेत, असंच सांगायचे. तो सुट्टीवर आला तेव्हा अब्बांसाठी रबरी टोकाची, चांदीच्या मुठीची काठी घेऊन आला होता, आणि त्याला विमानतळावरून परस्पर कबरस्तानात नेलं होतं. ती काठी अजून त्याच्या पेणच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागच्या कोपऱ्यात उभी आहे. गिऱ्हाईक विचारतं कितीला, मुराद सांगतो, विकायची नाय.

"त्याचा निरोप काय?" अजीजाने विचारलं.

"तिकडची जुम्म्याची नमाज सुटली की तो फोन करनार. तुम्ही एकट्यांनी घ्यायचा. स्पीकर नाय. नि सगलं बरं हाय बोलायचं नाय." हरेशने खांदे उचलले. "एवढंच. कंबल घेऊन येनार होता. मी बोललो, आन, नेतो. तो बोलला, नको. कंबल बघितलं की त्यांना वाटतं मी बरा हाय."

●

शुक्रवारच्या फोनची मुकादमांकडे एक मांडणी होती. बैठकीच्या मधोमध स्टीलचा डबा पालथा घालायचा, त्यावर मोबाइल ठेवायचा, स्पीकर पूर्ण मोठा करायचा, म्हणजे डब्यामुळे आवाज घुमतो. भोवती सगळे. पेणहून मुराद, शेजारची हौसा, आणि विरजण मागायला आलेलं कुणीही. त्या घुमणाऱ्या डब्यात अफानने काय सांगायचं होतं?

हा विचार अजीजाला आजवर शिवला नव्हता. डबा आजही मांडून ठेवलेला होता. तिने तो उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन सुलटा ठेवला.

"अजीजा," मुराद उठला. "घरात चोरून बोलणं आपल्यात नाय. जे काय असेल ते सगळ्यांसमोर. मी त्याच्या बापाच्या जागी हाय."

"हाव, भाईजान."

"मग स्पीकर चालू राहील. आज जरा प्रेमानं बोलू, तू म्हणशील तसं."

"नाय."

तिने हा शब्द मोठ्या दिरासमोर किती वर्षांनी वापरला, याची नोंद फक्त हुमेराने घेतली. अजीजाने ओढणी सारखी केली. "फोन माझा, मुलगा माझा, बहीण माझी. तुमचा फक्त कायदा हाय. तो मी इतके दिवस पाळला. माझा पोरगा कठड्यावर बसला तरी मी मस्त, मस्त बोलत होते. आता नाय पाळणार."

"आणि त्यानं नोकरी सोडली तर?"

"ते तो ठरवील. आधी मला ऐकू दे तरी, काय ठरवायचंय त्याला."

मुरादने हरेशकडे पाहिलं, पुरुषाने पुरुषाकडे पाहावं तसं. हरेश ताटलीतल्या नारळाच्या रसात बोट बुडवून बसला होता. मग मुरादने हुमेराकडे पाहिलं. तिने ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात घातलं, म्हणजे दुकानात ती आज परत जाणार नव्हती, आणि आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मतं मोजायची मुरादला सवय होती. त्याच्या बाजूला तो एकटा होता.

मोबाइल वाजला.

●

मागच्या पडवीत खैरूनखालाची खाट होती, गोधडी घडी घालून पायाशी. अजीजा आत गेली, दार लावून घेतलं.

"अम्मी?"

"बोल."

"स्पीकर..."

"बंद हाय. मी खालाच्या खाटेवर बसलेय. दार लावलंय."

 पलीकडे मागे कुणाचं तरी भांडं पडलं, कुणीतरी शूऽ केलं. तो केरू असावा.

"अफान, खाला गेली," अजीजा म्हणाली. "तुला ठाऊक हाय. तरी मी सांगते. मला सांगू दे."

"सांग."

"सकाळी घावण्याचं पीठ भिजवत होती. बोलली, छातीत दाटतंय. हुमेरानं रिक्षा आणली. मी तिला मांडीवर धरली. कुंडलिकेच्या पुलावर तिनं डोळे उघडले, बोलली, आज अफानचा फोन हाय ना? मी बोलले, व्हय, आजच हाय." अजीजाने पायाशी असलेली गोधडी जवळ ओढली. "तो बुधवार होता, बाबा. तिलापण मी खोटंच सांगितलं. ती तुझ्या फोनची वाट बघत गेली."

आता पलीकडून आवाज आला. असं रडणं तिने त्याच्या लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. तिच्या तोंडाशी सगळं तयार होतं: सबूर कर, अल्लाची मर्जी, पुरुषासारखा पुरुष तू. तिने ते एकेक करून गिळलं. खाटेची दोरी मुठीत धरली आणि बसून राहिली.

"तुम्ही हसायचात," तो म्हणाला.

"व्हय."

"मी विचारायचो, नि तुम्ही हसायचात, अम्मी."

"व्हय. हसायचो."

तिने कारण दिलं नाही. मग तो बोलायला लागला, तुटक तुटक. भात घशाखाली उतरत नाही. शिफ्टला उभं राहिलं की पाय दुसऱ्याचे वाटतात. गच्चीवर बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याचीच भीती वाटायची. गोळ्या घेतल्यापासून थोडी झोप लागते. केरू घोरतो, इतका की खालच्या मजल्यावरचे बंगाली येऊन विचारून गेले, मशीन कसली लावलीय.

अजीजा हसली, आणि हसताना ओढणी तोंडात धरली. पण या हसण्याला त्याने काही म्हटलं नाही.

"मला पुढचं काय ठाऊक नाय," तो म्हणाला. "यावं का राहावं."

"मलापण ठाऊक नाय. यायचं तर ये, घर हाय. राहायचं तर रहा. आज नको ठरवू." मग ती म्हणाली, "आता माझं ऐक. ही खोली मी बंद ठेवते. आज पहिल्यांदा बसलेय हितं. पीठ अजून दोघींच्या अंदाजानंच भिजवते, रोज उरतं, रोज हौसाला देते. ती बोलते, तुमच्याकडं हल्ली बरकत दिसतेय."

 बाहेर पागोळ्या पडत होत्या.

"घेतला, अम्मी," अफान म्हणाला.

"मीपण," अजीजा म्हणाली. शब्द तिच्या जिभेला नवा होता, तरी तिने तो नीट, पूर्ण उच्चारला. "घेतला."

●

बाहेर हौसा सालं न्यायला आली, तर बैठकीतून आत जायच्या वाटेवर मुराद आडवा उभा.

"आता नाय, हौसा."

"काय झालं?"

"शिफ्ट बदलतेय."

"कोणाची?"

"आमची," मुराद म्हणाला. सालं त्याने स्वतः गोळा करून तिच्या सुपलीत घातली. हुमेरा बघतच राहिली. चाचा पाहुण्यांच्या ताटलीलाही कधी हात लावत नसत.

"आणि तुझ्या सुनेला सांग," त्याने मागून आवाज दिला, पण पुढचं वाक्य त्याला जुळलं नाही. त्या सुनेने जे केलं ते या घरात कुणालाच जमलं नव्हतं. "काय नाय. सलाम सांग."

दार उघडलं. अजीजाचे डोळे सुजलेले होते आणि पाठ ताठ होती. मोबाइल अजून चालूच होता.

"दर शुक्रवारी आधी मी बोलणार," तिने सगळ्यांना सांगितलं. "मग ज्याला बोलायचंय तो, एकेक, आत जाऊन. ज्याला नाय बोलायचं त्यानं नको बोलू. डबा आता पिठाला घेतलाय." मग तिने मोबाइल मुरादपुढे धरला. "तुम्हाला विचारतोय."

मुरादने फोन घेतला. सवयीने अंगठा स्पीकरवर गेला. हुमेराने तिथूनच मान हलवली. अंगठा मागे आला. त्याने फोन कानाला लावला, आणि कानाला लावलेला फोन इतका जवळ असतो हे तो विसरूनच गेला होता.

खडसावायची सगळी वाक्यं पेणपासून बरोबर आणलेली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. पलीकडून अफाननेच विचारलं, "चाचा, तुम्ही कसे हाव?"

"मी? मी एकदम..."

 हरेश मुद्दाम खिडकीतून बाहेर बघत होता. अजीजा बघत होती. मुरादने खालाच्या पडवीचं दार ढकललं, आत पाऊल टाकलं, आणि जाता जाता त्याचा आवाज बैठकीत ऐकू आला तेवढाच.

"नाय रे. बस जरा. सांगतो. माझ्या दुकानात एक काठी हाय..."

दार लागलं.